भ्रूण गोठवून ठेवण्याची सेवा आणि तिच्या शेवटाचा फॉर्म : पुण्यातील एका आयव्हीएफ केंद्राचा अनुभव

ज्या केंद्रातल्या आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर फलन करण्याच्या, उपचारांनी आम्हाला मुलगी झाली, त्याच केंद्रात आमचे आणखी तीन भ्रूण गेली चार वर्षे गोठवून ठेवलेले आहेत. दर वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नूतनीकरणाचा संदेश येतो, आम्ही पैसे भरतो आणि पावती फाइलला लावतो. या वर्षी संदेशासोबत दोन पानी फॉर्म आला. साठवण यापुढे नको असल्यास भ्रूणांचे काय करावे, असा त्यात प्रश्न होता आणि उत्तरासाठी दोन चौकोन होते : ‘नष्ट होऊ द्यावेत’ आणि ‘संशोधनासाठी द्यावेत’. खाली दोघांच्या सह्यांची जागा आणि आठ दिवसांत फॉर्म परत करण्याची सूचना. माझा हा अभिप्राय मुख्यतः त्या फॉर्मविषयी आहे. भ्रूण साठवण्याची सेवा घेताना आपण यंत्रे, दर आणि डॉक्टरांचा लौकिक पाहतो. या सेवेचा शेवट कसा होतो हे कोणी विचारत नाही आणि कोणी आपणहून सांगतही नाही.

केंद्राचे नाव मी देणार नाही. उपचारांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, आणि जी उणीव मी सांगणार आहे ती एकाच केंद्रापुरती असेल असे मला वाटत नाही. पुण्यातच दुसरीकडे उपचार घेतलेल्या दोन मैत्रिणींच्या फाइलींत मी जवळजवळ याच शब्दांतला कागद पाहिला आहे. त्या दोघींनीही तो न वाचता सही करून दिला होता, आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण बीजांडे काढण्याच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, हाताला सलाइन लावलेले असताना पुढे आलेला कागद कोण वाचणार?

आधी जे चांगले आहे ते सांगते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमचे पाच भ्रूण तयार झाले. पाचव्या दिवशी तिथल्या भ्रूणतज्ज्ञ मॅडमनी आम्हा दोघांना आत बोलावले, एकेक भ्रूण पडद्यावर दाखवला आणि कसलीही घाई न करता समजावून सांगितला. राखाडी रंगाचे एक वर्तुळ, त्याच्या आत पोकळी, आणि घड्याळात जिथे पाच वाजतात त्या बाजूला आतून चिकटलेला पेशींचा दाट पुंजका. “हा पुंजका दिसतो ना, यातून बाळ होतं. आणि ही बाहेरची जी पेशींची रांग आहे, तिची पुढे वार होते,” असे त्या म्हणाल्या. सगळ्या मिळून शंभर-दोनशे पेशी, टाचणीच्या टोकाएवढा आकार. पुढे मूलपेशींविषयी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडतात त्या पेशी) वाचू लागले तेव्हा लक्षात आले की त्यांच्यासाठी भ्रूण वापरावेत की नाही हा जगभरचा सगळा वाद मॅडमनी बोट ठेवलेल्या त्या पुंजक्याभोवतीच चालला आहे.

गोठवण्याची पद्धतही त्यांनी सांगितली. पूर्वी भ्रूण हळूहळू थंड करीत, त्यात पेशीतल्या पाण्याचे बर्फ होई आणि बर्फाचे स्फटिक पेशीला इजा करीत. आता व्हिट्रिफिकेशन नावाच्या पद्धतीत भ्रूण इतक्या झपाट्याने थंड करतात की स्फटिक बनायला अवधीच मिळत नाही आणि आतले द्रव्य काचेसारखे घट्ट होते. मग तो उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. प्रत्येक भ्रूण प्लास्टिकच्या एका बारीक काडीवर असतो आणि काडीवर आमची दोघांची नावे, रुग्णक्रमांक आणि तारीख असते. टाकीचे झाकण उघडले की पांढरी वाफ जमिनीकडे उतरते. त्या वाफेत हात घालण्याआधी दोन कर्मचारी काडीवरचा मजकूर एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतात आणि वहीत दोघेही सही करतात, हे मी स्वतः काचेपलीकडून पाहिले आहे. नायट्रोजनची पातळी रोज मोजून त्याच वहीत लिहिली जाते, आणि पातळी खाली गेल्यास रात्रपाळीच्या माणसाच्या फोनवर गजर वाजतो. या बाबतीत मला केंद्राला एकही गुण कमी द्यावासा वाटत नाही.

गोठवलेल्या भ्रूणाची गोष्ट निघाली की कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय आठवल्याशिवाय राहत नाहीत. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मली, आणि त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, दुर्गा या नावाने ओळखली गेलेली मुलगी कोलकात्यात जन्मली. तिच्या बाबतीत डॉक्टरांनी भ्रूण आधी गोठवून मग गर्भाशयात सोडला होता. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांची अवहेलना झाली आणि १९८१ मध्ये त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. आज गल्लोगल्ली आयव्हीएफच्या पाट्या लागल्या आहेत, पण तिथे या माणसाची तसबीर मला कुठेच दिसली नाही, याचे वाईट वाटते.

दराबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पहिल्या वर्षाची साठवण उपचारांच्या खर्चात धरलेली होती, नंतर वर्षाला २०,००० रुपये. पावती चोख मिळते, फोन उचलला जातो, आणि एका वर्षी आम्हाला पैसे भरायला तीन आठवडे उशीर झाला तरी कोणी वाकडा शब्द काढला नाही.

आता फॉर्मविषयी. त्यातले दोन चौकोन केंद्राने मनाने काढलेले नाहीत, ते कायद्यातून आलेले आहेत. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या नियमनाचा २०२१ चा केंद्रीय कायदा जानेवारी २०२२ मध्ये लागू झाला. त्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतो, आणि मुदत संपल्यावर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने या कायद्याखाली नोंदवलेल्या संशोधन संस्थेला द्यायचा, असे दोनच मार्ग त्यात सांगितलेले आहेत. भ्रूणांची विक्री करता येत नाही आणि संशोधनासाठी ते परदेशी पाठवताही येत नाहीत. आमची दहा वर्षे २०३२ मध्ये भरतील. म्हणजे आज टाळले तरी हा प्रश्न सहा वर्षांनी पुन्हा दारात उभा राहणारच होता.

मी समुपदेशनाची वेळ मागितली. चार दिवसांनी मिळाली, आणि ती भेट बारा मिनिटांत संपली. फॉर्म इंग्रजीत होता, मराठी प्रत आहे का असे विचारल्यावर नाही म्हणाले. माझ्या सासूबाईंना तो वाचून दाखवायचा होता, त्यामुळे रात्री बसून मीच त्याचे मराठी केले. समुपदेशक ताई स्वभावाने चांगल्या होत्या, पण संशोधन म्हणजे नेमके काय करणार, या प्रश्नाला त्यांचे उत्तर “स्टेम सेल वगैरे, मॅडम, समाजासाठी चांगलंच असतं ते,” एवढेच होते. मी मूलपेशींविषयी काही वाचायला मागितले, तेव्हा त्यांनी खणातून एक गुळगुळीत रंगीत पत्रक काढून दिले. घरी येऊन पाहते तो ते बाळाच्या नाळेतले रक्त पैसे भरून साठवण्याच्या योजनेचे पत्रक होते.

हा घोळ साधा नाही, म्हणून त्यावर दोन वाक्ये लिहिते. नाळेतल्या रक्तातल्या मूलपेशी मुख्यतः रक्ताच्याच पेशी घडवतात. त्या बाळ जन्मल्यावर, एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतून मिळतात, आणि त्यांच्याबाबत कोणाच्याही धर्माचा किंवा विवेकाचा प्रश्न येत नाही. भ्रूणातल्या मूलपेशी शरीरातली कोणतीही पेशी घडवू शकतात, मग ती हृदयाची असो, मेंदूची असो किंवा स्वादुपिंडाची. त्या मिळवण्यासाठी पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातला तो आतला पुंजका काढून घ्यावा लागतो, आणि तो काढल्यावर भ्रूण उरत नाही. ज्या माणसाला संमती द्यायची आहे त्याला हे शेवटचे वाक्य कोणीतरी सांगायला हवे. फॉर्ममध्ये ते नव्हते आणि ताईंनीही सांगितले नाही. मी स्वतः विचारले, “म्हणजे संशोधनातही तो नष्टच होतो ना?” त्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “बहुतेक जण पहिल्याच चौकोनात खूण करतात. तुम्ही फार विचार करू नका.”

आम्ही मात्र विचार केला, आणि एकमेकांशी वादही घातला. माझ्या पतींचे म्हणणे होते की हे तीन भ्रूण आमच्या मुलीसोबत एकाच दिवशी, एकाच बशीत तयार झाले. ती त्या टाकीत राहिली असती आणि यांतला एखादा आज आमच्या घरात खेळत असता, एवढाच काय तो फरक. मग तिच्याबाबत जे होऊ दिले नसते ते यांच्याबाबत कसे होऊ द्यायचे? मी म्हटले की आपण पुन्हा गर्भधारणेचा विचार करणार नाही हे ठरलेले आहे; मी एकेचाळीस वर्षांची आहे आणि डॉक्टरांनी रक्तदाबामुळे नको म्हणून सांगितले आहे; तेव्हा या तिघांना काडीवरून उतरवून खोलीच्या उष्णतेत ठेवणे आणि प्रयोगशाळेत देणे, दोन्हींचा शेवट एकच. ते म्हणाले, शेवट एक असला तरी मरू देणे आणि वापरणे यांत अंतर आहे. या मुद्द्याला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते, आणि आजही पूर्ण उत्तर आहे असे मी म्हणणार नाही.

माझे सासरे संस्कृतचे निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही दोघे हमरीतुमरीवर आलो की ते सहसा खोलीत निघून जातात, पण या वेळी चरकसंहिता घेऊन बाहेर आले. शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग कुशीत झाला म्हणजे त्याला गर्भ ही संज्ञा मिळते, अशी त्यात व्याख्या आहे, आणि बाबांचे बोट ‘कुक्षिगते’ या शब्दावर होते. त्यांच्या मते जे कुशीत गेलेच नाही त्याला गर्भ म्हणता येणार नाही. मला हा आधार मोठा वाटला, पण मी त्यावर फार भार टाकणार नाही, कारण ज्यांनी ते लिहिले त्यांच्यासमोर कुशीबाहेरचा भ्रूण कधी आलाच नव्हता. माझ्या कार्यालयात कॅम्पात राहणारी एक कॅथलिक सहकारी आहे. तिने स्वतः आयव्हीएफ करून घ्यायला याच कारणासाठी नकार दिला होता, कारण तिच्या चर्चच्या शिकवणीत फलनाच्या क्षणापासून तो पूर्ण मानाचा जीव असतो. तिने मला उपदेश केला नाही. “तू जे करशील ते नीट कळून कर,” एवढेच ती म्हणाली. या सगळ्या प्रकरणात मला मिळालेले हे सर्वांत चांगले समुपदेशन, आणि ते माझ्या निर्णयाच्या विरुद्ध मत असलेल्या बाईकडून मिळाले.

मग मी जे जे सापडले ते वाचून काढले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणातल्या मूलपेशी पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवल्या, आणि त्यांना मिळालेले भ्रूण आमच्यासारख्याच, आयव्हीएफ करून घेतलेल्या जोडप्यांनी संमतीने दिलेले होते. त्यांनी तयार केलेल्या पाच वाणांपैकी, म्हणजे एकेका भ्रूणातून निघून सतत वाढत राहणाऱ्या पेशींच्या वंशांपैकी, काही आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. ज्या जोडप्याने तेव्हा सही केली त्याची मुले आज मोठी झाली असतील, कदाचित ते जोडपे हयातही नसेल, पण त्या पुंजक्यातल्या पेशी अजून दुभंगत आहेत. चौकोनात खूण करायला एक क्षण लागतो, आणि ती खूण आपल्या मागे इतकी वर्षे चालत राहते. फॉर्मने हे एका ओळीत तरी सांगायला नको होते का?

देशोदेशींच्या सरकारांनी यावर काय केले ते वाचताना मला जाणवले की आमच्या जेवणाच्या टेबलावर जे चालले होते तेच त्यांच्या संसदांत चालले होते. अमेरिकेत अध्यक्ष बुश यांनी ९ ऑगस्ट २००१ रोजी जाहीर केले की त्या तारखेपर्यंत तयार झालेल्या वाणांवरच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळेल, नव्या भ्रूणांसाठी मिळणार नाही. त्या वाणांच्या यादीत मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रही होते. ओबामा यांनी २००९ मध्ये ते बंधन उठवले. जर्मनीने स्वतःच्या देशात भ्रूणांतून मूलपेशी काढायला मनाई केली, पण ठरावीक तारखेआधी परदेशात काढलेल्या आणायला २००२ च्या कायद्याने परवानगी दिली. हा मार्ग मला पटत नाही. दुसऱ्याच्या घरी झालेले चालते आणि आपल्या घरी नको, यात विवेकाचे समाधान कसे होते ते मला समजले नाही. ब्रिटनमध्ये १९८४ च्या वॉर्नॉक समितीने चौदा दिवसांची सीमा सुचवली आणि १९९० मध्ये तिचा कायदा झाला. चौदाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणात पहिली रेघ उमटते, शरीराची दिशा ठरते आणि त्यानंतर एका भ्रूणाची जुळी होऊ शकत नाहीत. ही सीमा मला समजावून सांगता आली आणि माझ्या पतींनाही ती समजली, ही तिची मोठी जमेची बाजू. आमचे भ्रूण पाच दिवसांचे आहेत.

भारताने हीच सीमा स्वीकारलेली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चौदा दिवसांपुढे किंवा ती रेघ उमटल्यावर भ्रूण प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. आयव्हीएफमधून उरलेल्या भ्रूणापासून मूलपेशींचे नवे वाण तयार करता येते, पण त्यासाठी संस्थेच्या मूलपेशी समितीची आणि नैतिकता समितीची आधी मंजुरी लागते, आणि जोडप्याची, पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती लागते. केवळ संशोधनासाठी म्हणून नवा भ्रूण तयार करणे मात्र निर्बंधित प्रकारात येते. हा भेद मला योग्य वाटतो. मूल व्हावे म्हणून जे केले त्यातून जे उरले ते देणे वेगळे, आणि वापरून टाकण्यासाठीच घडवणे वेगळे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात आणि मुंबईत परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत भारतीय भ्रूणांपासून अशी वाणे तयारही झाली आहेत. तेव्हा हा प्रश्न परदेशातला म्हणून सोडून देता येत नाही. पुणेकरांना तर पेशी गोठवून जपण्याची कल्पना नवी नसावी, कारण गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे आणि देशभरच्या संशोधकांना निरनिराळ्या पेशी पुरवण्याचे काम तिथून चालते.

त्वचेच्या पेशींपासूनच मूलपेशी करता येतात, मग भ्रूण हवेतच कशाला, असा प्रश्न माझ्या पतींनी विचारला होता आणि तो रास्त होता. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी मागे वळवून जवळजवळ भ्रूणातल्या मूलपेशींसारख्या करून दाखवल्या, आणि २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळाले. त्यामुळे वादाची धार बरीच बोथट झाली हे खरे आहे. हा प्रश्न मी भ्रूणतज्ज्ञ मॅडमना जिन्यात गाठून विचारला. त्यांनी सांगितले की मागे वळवलेली पेशी खऱ्यासारखी झाली का, हे ताडून पाहायला खरी पेशी समोर लागतेच. नंतर त्या म्हणाल्या, “आणि तुमचा पहिला भ्रूण का रुजला नाही, ते मला आजही सांगता येत नाही. ते त्वचेच्या पेशीवरून कळणार नाही.”

तिथे माझा निर्णय झाला. पाचांतला पहिला भ्रूण दिसायला सर्वांत चांगला होता. तो गर्भाशयात सोडल्यावर चौदाव्या दिवशी गर्भधारणेच्या रक्ततपासणीचा आकडा शून्याजवळ आला, आणि का, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. दुसऱ्यातून मुलगी झाली. ही दुसरी संधी तरी मला कशी मिळाली? इंग्लंडमधल्या रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६९ मध्ये शरीराबाहेर मानवी बीजांडाचे फलन करून दाखवले, तेव्हा ती बीजांडे शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या बायकांकडून आलेली होती. त्यानंतर पहिले मूल जन्मायला नऊ वर्षे गेली, आणि त्या नऊ वर्षांत प्रयोगशाळेत जे जे भ्रूण संपले त्यांच्यावर आमची मुलगी उभी आहे. ज्या रांगेतून मला मिळाले तिच्यात मी फक्त घेणारी म्हणून उभी राहू शकत नाही. हे मी पतींना सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “ठीक आहे. पण कोणाला देतोय ते मला माहीत पाहिजे.”

माझ्या बहिणीचा मुलगा नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर आहे. गणपतीत ताटात मोदक आला की तो आधी बोटाला सुई टोचतो, आकडा पाहतो आणि मग मोदक मोडतो. भ्रूणातल्या मूलपेशींच्या वाणापासून घडवलेल्या स्वादुपिंडाच्या पेशी टाइप १ मधुमेहाच्या बारा रुग्णांना दिल्यावर वर्षभरानंतर त्यांतल्या दहा जणांना इन्सुलिन टोचावे लागले नाही, असे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण थोडे आहेत, आणि शरीराने त्या पेशी नाकारू नयेत म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, त्यामुळे बहिणीला मी एवढ्यात काही आशा लावलेली नाही. आमच्या तीन भ्रूणांतून भाच्याचे औषध निघेल अशी माझी भाबडी समजूतही नाही. मूलपेशींच्या नावाने गुडघ्यापासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर लाखोंचे उपचार विकणाऱ्यांपासून तर लांबच राहावे, कारण रक्ताचे काही विकार सोडले तर असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देऊ नयेत असेच आपल्या आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे म्हणणे आहे. पण त्या बारा जणांना दिलेल्या पेशींचे मूळ शोधत गेले तर कुठेतरी एका जोडप्याने केलेली सही सापडते, आणि ती सही करताना त्यांना सगळे सांगितले गेले होते ना, एवढेच माझ्या मनात येते.

म्हणून मी केंद्राच्या तक्रार कक्षाला पत्र लिहिले. असा कक्ष ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि उपचारांचे सर्व परिणाम समजावून सांगणारे समुपदेशन देणे हेही. पत्रात चार प्रश्न होते : भ्रूण कोणत्या नोंदणीकृत संस्थेला जाणार, तिथे त्याचे काय होणार, आमची नावे कोणाला कळणार, आणि संमती कधीपर्यंत मागे घेता येणार. दहाव्या दिवशी केंद्राच्या मुख्य डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी आम्हा दोघांना रविवारी, दवाखाना बंद असताना बोलावले आणि पाऊण तास दिला. बाबांनाही यायचे होते, त्यांनाही खुर्ची दिली. डॉक्टर स्पष्ट बोलले. सध्या केंद्राचा कोणत्याही संशोधन संस्थेशी करार नाही, असे त्यांनी सांगितले. मग ज्यांनी आजवर दुसऱ्या चौकोनात खूण केली त्यांच्या भ्रूणांचे काय झाले, असे मी विचारले. ते टाकीतच आहेत, असे ते म्हणाले.

मला याचा राग आला आणि तो मी लपवला नाही. कोणीतरी मनाशी झगडून, कदाचित घरच्यांशी भांडून, आपला भ्रूण कोणाच्या तरी उपयोगी पडावा म्हणून खूण केली असेल, आणि त्या खुणेच्या पलीकडे कोणीच उभे नव्हते. फॉर्ममध्ये चौकोन छापण्याआधी त्यामागची वाट तयार असायला हवी. डॉक्टरांनी हे मान्य केले. नवा फॉर्म मराठीतही करू, संस्थेचे नाव ठरेपर्यंत दुसरा चौकोन छापणार नाही आणि जुन्या खुणा केलेल्या जोडप्यांना पत्र पाठवू, असे त्यांनी तिथेच लिहून दिले. नाळेच्या रक्ताची पत्रके समुपदेशनाच्या खोलीतून त्याच आठवड्यात हलवली गेली. मी पुन्हा गेले तेव्हा खण रिकामा होता.

ज्यांना पुण्यात ही सेवा घ्यायची आहे त्यांना माझे सांगणे असे, की साठवणीचा दर विचाराल त्याच दिवशी शेवटचा फॉर्मही मागून घ्या आणि उपचार सुरू होण्याआधी, डोके शांत असताना, घरी बसून वाचा. प्रयोगशाळेची काटेकोर व्यवस्था, दर आणि वागणूक यांसाठी मी या केंद्राला पाचपैकी पाच गुण देते, आणि संमतीच्या कागदासाठी दोन. त्यांतला एक त्या रविवारच्या पाऊण तासाचा आहे.

आम्ही आणखी एका वर्षाचे २०,००० रुपये भरले आहेत. जुन्या फॉर्मवर दोन्ही चौकोन रिकामे ठेवून त्याला हाताने लिहिलेले एक पान जोडले आहे : संशोधनाला आमची तत्त्वतः तयारी आहे, संस्थेचे नाव आणि तिच्या नैतिकता समितीच्या मंजुरीची प्रत लेखी मिळाल्यावर आम्ही दोघे समक्ष येऊन सही करू, तोपर्यंत भ्रूण हलवू नयेत. खाली पतींची सही आधी आहे, माझी नंतर. केंद्राने पानावर पोच म्हणून शिक्का मारून दिला आहे आणि त्याची झेरॉक्स फाइलमध्ये, पाच वर्तुळांच्या फोटोमागे लावली आहे.